मागे पडणारं घड्याळ

वन्सं गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यायची होती. कित्येक वर्षं आमच्या बडोद्यातल्या गोत्रीच्या घरात सकाळ व्हायची ती एका आवाजाने. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायची आणि बाहेरच्या खोलीतून करकर, करकर ऐकू यायचं. वन्सं लाकडी घड्याळाचं वजन दोरीने वर ओढत असायच्या. त्या दिवशी आधण उकळलं, आलं किसून झालं, दूध पडलं, तरी आवाज नाही. मी तिथूनच ओरडले, "अहो वन्सं, आज घड्याळाला उपास वाटतं?" जाऊन बघते तर कुशीवर झोपलेल्या, चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. हात लावला आणि कळलं. रडू फार नंतर आलं. आधी मी खुळ्यासारखी बाहेर आले, घड्याळाचं वजन वर ओढलं आणि मग पुण्याला धाकट्या नणंदेला फोन लावला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुमुद. हल्लीच्या सुना नणंदेला सरळ नावाने हाक मारतात, बरंच आहे ते. आमच्या वेळी तोंडाने वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं आणि मनात काय म्हणायचं ते म्हणायचं. मी लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले तेव्हा त्या रावपुऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत भूमिती शिकवत होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायचं नाही अशी घरात रीत होती. पहिली काही वर्षं आमचं मुळीच जमलं नाही. ताटातली पोळी बोटाने गोल फिरवून त्या म्हणायच्या, "शैला, या आकाराला आमच्या पुस्तकात नाव नाही गं." मीही काही गरीब गाय नव्हते. "तुमच्या कंपासपेटीत लाटणं असेल तर द्या, उद्या बरोबर येईल," असं मी ऐकवायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. घरात माणसं तीन आणि बाकी दोघींना बांधणारी गाठ एकच, ती म्हणजे हे. हे जेवताना मधल्या पाटावर बसायचे आणि डावीकडच्या टोमण्याला उजवीकडे जाऊ द्यायचे नाहीत.

हे रिफायनरीत होते. कंपनीची बस चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ कायम पुढे ठेवायचे. निवृत्त झाले, रावपुऱ्यातल्या दोन खोल्या सोडून आम्ही गोत्रीच्या सोसायटीत आलो, तरी घड्याळ पुढेच. मग हे गेले... आणि काही महिन्यांनी घड्याळही थांबलं. नुसता सेल बदलायचा होता. पण आजवर तो ह्यांनीच बदललेला. मला वाटे, वन्सं बदलतील. त्यांना वाटे, शैला बदलेल. दोघी त्या बंद घड्याळाखाली बसून जेवायचो, पाण्याचा तांब्या पुढे करण्यापुरतं बोलायचो. शेवटी शेजारच्या कोकिलाबेन वाटी परत द्यायला आल्या आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "भाभी, बंध घडियाळ घरमां ना रखाय हों, अपशुकन थाय." त्या गेल्यावर मी सेल शोधायला खण उघडला, तर वन्सं म्हणाल्या, "राहू दे. ते त्याचं घड्याळ होतं. मी दुसरं करते."

करते म्हणजे काय, आणते म्हणा, असं मी म्हटलं. पण त्यांना करतेच म्हणायचं होतं. सगळी चाकं, दाते, लंबक लाकडाचा, असं घड्याळ त्यांनी फोनवर कुणाचं तरी चालताना पाहिलं होतं. "जन्मभर मुलांना वर्तुळाचे भाग करायला शिकवले," त्या म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने एकही कापला नाही." रावपुऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात आम्ही दोघी रिक्षाने गेलो. हवी होती स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याची वर-खाली हलणारी विजेवरची करवत. दुकानदार एकदा आमच्या पिकलेल्या केसांकडे बघतो, एकदा मशीनकडे. "बा, तमारे आनुं शुं काम छे?" म्हणजे आजी, तुम्हाला हे कशाला? वन्सं म्हणाल्या, "घडियाळ बनाववुं छे." "तैयार लई जाओ ने, बा! सस्तुं पडशे." तयारच न्या, स्वस्त पडेल म्हटल्यावर वन्संनी त्याला वर्गात बघावं तसं बघितलं. त्याने मुकाट्याने मशीन खोक्यात घातलं.

येताना रिक्षातच त्यांनी ते सांगितलं. पुण्याची धाकटी बहीण, आमच्या विजूताई, त्यांना कायमचं तिकडे बोलावत होत्या. "भाऊ होता तोवर ठीक होतं," वन्सं रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "आता तुझ्या घरात मी कोणत्या नात्याने राहायचं? एवढं घड्याळ लागलं भिंतीवर की जाते." मी म्हटलं, "बरं." रिक्षात दुसरं काय बोलणार? आणि घरी आल्यावर तरी काय बोलणार होते! ज्या बाईने माझ्या पोळीला कधी गोल म्हटलं नाही, तिला 'तुम्ही गेलात तर मी एकटी पडेन' म्हणायला माझी जीभ वळेना.

गॅलरीत मशीन बसलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा, लोणच्याच्या बरणीवर भुसा, तुळशीत भुसा. माझी चिडचिड सुरू झाली आणि खरं सांगू, घरात पुन्हा आवाज झाला. वन्संचं कागदावरचं काम बघत राहावं असं. कंपासने चाक काढायचं, कोनमापकाने दाते आखायचे, कागद प्लायवर चिकटवायचा. पण करवतीशी बसल्या की सगळं फिसकटायचं. दात्याचा कोपरा आला की त्या लाकूड जोरात पुढे रेटायच्या आणि पातं टण्णकन तुटायचं. एक दिवस मला राहवेना. ब्लाउज शिवण्यात माझा हात धरणारं सोसायटीत कुणी नव्हतं, हे मी मोठेपणाने सांगते कारण ते खरं आहे. म्हटलं, "उठा बघू. हे माझ्या मशीनसारखंच दिसतंय. सुई जागची हलत नाही, कापड फिरवायचं असतं. गळ्याला गोलाई देताना मी कापड ढकलते का? हात सैल सोडायचा, वळणावर नुसतं वळवायचं." मी एक दाता कापला. दुसरा कापला. वन्सं चष्मा वर करून बघत राहिल्या. "आता हा आकार," म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात आहे." इतक्या वर्षांत मिळालेली ती पहिली शाबासकी! मी लगेच चहा टाकायला आत पळाले, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

मग वाटणी ठरली. आखायचं त्यांनी, वळणाचं कापायचं मी, घासायचं दोघींनी. चाकाच्या मधली नक्षी कापायला आधी भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागे, तेही माझ्याकडे. पॉलिश पेपरने दाते घासताना दुपारी आम्ही ह्यांच्याबद्दल बोलायला लागलो. लहानपणी ह्यांनी शाळेतला पृथ्वीचा गोल उघडून आत काय आहे ते पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला पाहायला आले त्या दिवशी ह्यांनी घाबरून चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायला, हे वन्संना तेव्हा कळलं. एकदा चाकं कुरकुरली म्हणून मी शिवणयंत्राचं तेल सोडलं, तर दाते फुगून बसले. वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं, लाकूड आहे ते! लाकडाला पेन्सिलीचं शिसं लावतात." ती चाकं नव्याने कापावी लागली. खरंच सांगते, मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही. लवकर संपायला नको होतंच. दर रविवारी विजूताईंचा फोन यायचा, "झालं का गं घड्याळ?" आणि मी आतून कान देऊन बसायची.

दसऱ्याला ते चाललं. सकाळी माझं शिवणयंत्र आणि त्यांची करवत शेजारी मांडून दोघांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, वर आपट्याचं पान. बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे फाफडा-जिलेबी आणली. मग सासूबाईंचं धान्य मोजायचं पितळी मापटं वाळूने भरून वजन म्हणून दोरीला लावलं, वन्संनी लंबकाला बोट लावलं आणि टक... टक... टक. थांबेना. आम्ही दोघी उभ्याच. कोकिलाबेन येऊन टाळ्या वाजवून गेल्या. मी जिलेबी उचलली आणि तशीच ताटलीत परत ठेवली. झालं की हो घड्याळ! आता पुण्याची बॅग.  दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ओढून वन्संनी माझ्या मोबाइलशी वेळ ताडून पाहिली आणि हाक मारली, "शैला, हे मागे पडतंय गं."

"पडतंय ना?" मी हातातली पोळी तव्यावर सोडून बाहेर आले. "मग बघा बाई नीट. अर्धवट टाकून जाऊ नका."

"तर काय. असं कसं टाकून जाईन?"

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी करकर आवाज, मग काटा पुढे करायचा, मग "शैला, अजून मागेच पडतंय गं" आणि माझं "मग बघा बाई नीट." फोनवर त्या विजूताईंना सांगायच्या, आता संक्रांतीच्या उत्तरायणानंतर बघू, थंडीत लाकूड आखडतं. मग, आमरसाचे दिवस जाऊ देत. मग, पावसाळ्यात दाते फुगतात, आत्ता काही खरं नाही. बडोद्याला ऋतूंना काय तोटा! हळूहळू विजूताईंनी विचारणं सोडलं. आमची भांडणंही चालूच होती, वरणात हिंग कमी, टीव्हीचा आवाज जास्त. पण आता भांडून झाल्यावर दोघी एकाच पंगतीला बसायचो. मधला पाट रिकामा होता, त्याच्या वर भिंतीवर हे टकटक करायचं.

वन्सं गेल्यावर विजूताई आणि त्यांचा मुलगा मंदार आले. मंदार पुण्यात इंजिनियर आहे. कार्य आटोपल्यावर सगळी पांगली, तो एकटा घड्याळासमोर उभा राहिला. "मामी, हे मागे पडतंय." म्हटलं, "पडतंच ते. पहिल्यापासून." त्याने वाकून लंबक हातात घेतला. "हा गोळा आहे ना, त्याच्याखाली नट आहे. तो फिरवून गोळा जरा वर घेतला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ जोरात चालतं. मिनिटाचं काम आहे. मावशीला कसं कळलं नाही?" मग त्याने चष्मा चढवला आणि म्हणाला, "अरे! इथे दांडीवर खूण केलेली आहे. गोळा या खुणेवर हवा. तो चांगला दोन बोटं खाली आणून ठेवलाय कुणीतरी."

मी जवळ जाऊन पाहिलं. पेन्सिलीने काढलेली खूण होती. बरोबर उत्तरापुढे वन्सं वहीत करायच्या तशीच, छोटी, शेपटी वर गेलेली. म्हणजे नेमकी जागा त्यांना केव्हाच सापडली होती. सापडली, त्यांनी तिला बरोबर म्हणून खूण केली आणि गोळा खाली आणून ठेवला. मी भिंतीला हात टेकला. बाई, बाई, बाई... मला एवढी वर्षं वाटत होतं, मीच तेवढी देवाला सांगत होते की हे घड्याळ नीट चालू नये म्हणून!

मंदारने हौसेने गोळा खुणेवर आणला. दुसऱ्या दिवशी घड्याळ मोबाइलबरोबर, काटा तसूभर मागे नाही. "बघ मामी, आता तुला रोज हात लावायला नको," असं म्हणून तो आईला घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेला. गुणी मुलगा आहे. त्याची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तशी मी आत आले, नट फिरवला आणि गोळा दोन बोटं खाली आणला.

विजूताई आता मला पुण्याला बोलावतात. एकटी कशाला राहतेस, म्हणतात. माया आहे त्यांची. आज सकाळीही फोन आला होता. मी आधण ठेवलं होतं, मापटं वर ओढून झालं होतं आणि काटा पुढे करत होते. म्हटलं, "येईन हो, विजूताई. पण घड्याळ अजून मागेच पडतंय."