आई फक्त खिडकीवालीचं ऐकते

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम ती करायची. हनुवटी इथे टेकवा, हलू नका, आता खालची ओळ वाचा. दिवसाला तीसेक माणसं तिचं निमूट ऐकायची, अगदी झुपकेदार मिशांचे दांडगे गृहस्थसुद्धा. ऐकत नव्हती ती एकच बाई, आणि ती नेमकी तिची आई होती.

आई चार गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. जन्मभर लोकांचे कपडे घट्ट-सैल करून दिले, आणि सत्तरीला टेकली तरी मशीन काही सुटत नव्हतं. लेक रोज सकाळी फोन करायची. उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी." फोन ठेवला की लेक आईचा ब्लॉग उघडायची, आणि खरी आई तिथे भेटायची.

ब्लॉग लेकीनेच काढून दिला होता, म्हणजे धोंडा स्वतःच्याच हाताने पायावर पाडून घेतला होता. आईचा वेळ जावा, एवढाच हेतू. सुरुवातीला आईने गिऱ्हाइकांच्या गमती लिहिल्या, कुणाची कंबर सुटली आणि दोष कसा कापडाला दिला वगैरे. मग हळूहळू ती स्वतःबद्दल लिहू लागली. ‘आज सुईत दोरा अकराव्या खेपेला गेला.’ ‘निळा समजून काळा दोरा लावला. गिऱ्हाईक काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.’ ‘जिन्याची शेवटची पायरी दिसलीच नाही. गुडघा सुजलाय.’ पंचवीस-तीस परक्या माणसांना आईचा गुडघा माहीत, आणि पोटच्या पोरीला काय, तर ठणठणीत!

"आई, तुला मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन करावं लागेल. रोज लोकांचे डोळे बघते मी."

"तू चष्मे विकतेस. तुला काय कळतं?"

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच रागात तिने दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ‘खिडकी’ असं खोटं नाव घेतलं आणि आईच्या ब्लॉगवर लिहिलं, ‘काकू, माझ्या ओळखीत एकीचं असंच झालं होतं. डोळे दाखवून घ्या ना.’

दुसऱ्या दिवशी आईचाच फोन. "मला जरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. माझी एक वाचक आहे, खिडकीवाली. फार समंजस बाई. ती म्हणतेय तर दाखवूया."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला.

डॉक्टरांनीही मोतीबिंदूच सांगितला, आणि ऑपरेशनची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. तोवर आईला सांगायची प्रत्येक गोष्ट खिडकीवालीच्या मार्फत सांगावी लागली. जिन्यात मोठा दिवा लावा. घसरणाऱ्या सपाता फेकून द्या. लेकीने वर्षभर घसा फोडून जे झालं नव्हतं, ते खिडकीवालीच्या दोन ओळींत व्हायचं. वर बोलणीही खायची. "ती बघ कशी गोड विचारते. तू आपली नुसती खेकसतेस!"

एकदा न राहवून खिडकीवालीने विचारलं, ‘हे सगळं तुमच्या मुलीला का नाही सांगत?’

आईने उत्तर दिलं, ‘तिला सांगितलं की ती लगेच कामाला लागते. रजा टाकते, धावत येते, ओरडते. तिची तरी काय चूक? पण तुम्ही लोक नुसतं वाचता, त्याने बरं वाटतं.’

दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लेकीने ते सहा वेळा वाचलं. अपराधी वाटलं, आणि रागही आला. आईवर नजर ठेवायला आपण वाचतो, असं तिने स्वतःला पटवलं होतं. ते काही खरं नव्हतं. जिथे आई खोटं बोलत नाही अशी ती एकच जागा होती, म्हणून ती तिथे जायची. आणि खोट्या नावाने जायची! खरं सांगावं, तर आई लिहायचीच बंद होईल आणि ऑपरेशनही राहील. तिने खोटं नाव तसंच चालू ठेवलं.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने आईच्या डोळ्यांत औषध घातलं. "आजी, अर्धा तास धूसर दिसेल. मग आत घेऊ."

आईने पिशवीतून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि वैतागून लेकीच्या मांडीवर टाकला. "एक अक्षर दिसत नाही. त्या खिडकीवालीला लिही."

"आत्ता?"

"मग काय डोळा गेल्यावर? लिही. मला फार भीती वाटतेय."

लेकीचं बोट थांबलं. हे वाक्य तिने आईच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

"लिही पुढे. शिवणं गेलं तर दिवसभर करू काय मी? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरीला कळू दिलं नाही."

"आई, मी इथेच बसलेय."

"बस की. मध्ये बोलू नकोस. पाठवलंस?"

लेकीने पाठवलं. तिच्या पर्समधला फोन गुरगुरला.

"आलं वाटतं उत्तर," आई म्हणाली. "वाच. काय म्हणते?"

लेकीने आईचा फोन डोळ्यांसमोर धरला. "म्हणते, तिलाही खूप भीती वाटतेय. सकाळपासून घशाखाली घास उतरलेला नाही. पण ती कुठे जाणार नाही, म्हणते."

आईने डोळे मिटले, मान हलवली.

"बघ," ती म्हणाली. "याला म्हणतात माणूस. शीक जरा तिच्याकडून."