दोर वळणाऱ्या बायकांची मालिका

कोणत्या पुस्तकाची मालिका व्हावी आणि कोणत्याची होऊ नये, यावर टीव्हीवाल्याशी वाद घालायचा नाही, हे गल्लीत सगळ्यांना पक्कं माहीत होतं. बिघडलेला सेट दुरुस्तीला टाकून लगेच परतायचं ठरवून आलेलं गिऱ्हाईक स्टुलावर अडकायचं. टीव्हीवाल्याच्या एका हातात तारांना डाग द्यायची गरम कांडी, नाकाशी राळेचा धूर आणि तोंडाचा पट्टा चालू.

"राजपुत्र, तलवार, ड्रॅगन, पुन्हा राजपुत्र! अहो, त्याला कशाला पडदा देता? तो जन्मतःच पडदा घेऊन आलेला असतो. चंद्रावरच्या वस्तीतलं गटार तुंबतं आणि उपसणारे संपावर जातात, ते पुस्तक आणा की टीव्हीवर! नाही आणणार. मालिका कुणाच्या होतात? ज्यांच्या घरात हॉलमधून वर जिना जातो, त्यांच्या."

"आमच्याकडे जिना नाही आणि सध्या टीव्हीही नाही," गिऱ्हाईक म्हणायचं. "तेवढा कधी मिळेल ते सांग."

दुपार कलली की तो दुकानातले सगळे सेट एकदम लावायचा, तपासणीसाठी. एकावर हिरवट माणसं, दुसऱ्यावर नुसत्या तिरक्या रेघा, तिसऱ्यावर समुद्र. त्या सरमिसळ उजेडात बसलं की त्याचे डोळे अर्धे मिटायचे, हात थांबायचा. मग समुद्र वर सरकायचा, रेघांचे दोर व्हायचे आणि वाऱ्यावरचं गाव हळूहळू दिसू लागायचं.

ते गाव पुस्तकातलं. जमिनीला न टेकलेलं, ढगाच्या जरा खाली, वाऱ्यावर निजलेलं. प्रत्येक घर दोराने खालच्या कातळाला बांधलेलं आणि ते दोर वळणाऱ्या बायका. धाग्याचं टोक जिभेने ओलं करायचं, मांडीवर तळहाताने पीळ द्यायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. खालून जाणाऱ्यांना त्या गावाची सावली अंगावरून गेली की आपलं लहानपण आठवायचं आणि का आठवलं ते कळायचं नाही. पुस्तकात एक राजपुत्रही होता. अडीच पानं येऊन जायचा.

हे गाव त्याला ताईने दिलं. आई गेली तेव्हा ताई स्वतःच शाळेच्या वयाची. शाळा सोडून ती बाइंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायला लागली. शाई फुटलेले, वाकडे कापले गेलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाचे सुटे छापील भाग, रद्दीत जायचे, ते ती मागून आणायची आणि धाकट्या भावाला वाचून दाखवायची. फर्मे येतील त्या क्रमाने गोष्ट. शेवट आधी, सुरुवात कधीतरी मागाहून. बारक्याला कितीतरी वर्षं वाटत होतं की गोष्टी अशाच असतात: आधी नुकसान कळतं, मग माणसं.

आता बारक्याचे केस पिकले होते आणि ताईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. डॉक्टर म्हणाले, मधलं जाणार, कडेचं काही काळ राहील, वाचन मात्र विसरा. समोरच्याचा चेहरा पाहायचा तर ताई त्याच्या खांद्यापलीकडे बघायची. पाहुण्यांना वाटायचं, बाई तुसडी झाली.

टीव्हीवाल्याने ते पुस्तक तिला भराभर वाचून दाखवायचा प्रयत्न केला.

"वाचतोयस की पत्ते पिसतोयस, बारक्या?" ताई म्हणाली. "राहू दे. पाठ आहे मला. एकदा बघायचं होतं रे ते गाव, अजून थोडं दिसतंय तोवर."

तेवढंच बोलून ती कूस बदलून झोपली. इकडे याची झोप उडाली. अक्षरं गेली म्हणून काय झालं? मोठा पडदा, भडक रंग, हलणारी घरं. एवढं तर तिला दिसेलच!

आणि नेमकं त्याच सुमाराला एका वाहिनीने जाहीर केलं की अद्भुत कादंबऱ्यांपैकी कोणत्या कादंबरीची मालिका करायची, ते प्रेक्षकांनीच फोन करून सांगावं. यादीत तळाशी का होईना, वाऱ्यावरचं गाव होतं.

त्या दिवसापासून दुकानाचा नियम झाला: आधी फोन, मग रिमोट.

"ही काय दादागिरी!" शिंपीणकाकू कडाडल्या. "मी ते पुस्तक वाचलेलंसुद्धा नाही."

"वाचलं असतंत तर सांगावं लागलं नसतं. लावा फोन."

"आणि नाही लावला तर?"

"तर सेट न्या, काकू, आणि दर वेळी उठून चॅनेल बदला. गुडघ्यांना तेवढाच व्यायाम."

काकूंनी शिव्या घालत फोन लावला. वर घरी जाऊन सगळ्या सुनांनाही लावायला लावला. हळूहळू अख्ख्या गल्लीने लावला, कुणी ताईसाठी, कुणी रिमोटसाठी. गाव निवडून आलं. याच्या रिमोटमुळे आलं की आपसूक, देव जाणे. श्रेय मात्र याने छाती फुगवून घेतलं.

मालिका सुरू व्हायच्या संध्याकाळी त्याने दुकानातला सगळ्यात मोठा सेट आणून ताईच्या खोलीत लावला.

"वन्सं, पाठीला उशी देऊ?" त्याच्या बायकोने विचारलं.

"उशी नको, तू बस. सुरू होतंय."

ढग आले. ढगांतून गाव वर आलं, ओलसर, निळं, जरासं झुलणारं. टीव्हीवाला पडद्याकडे सरकला. आणि तेवढ्यात गच्चीवर राजपुत्र उगवला. केस उडवले, छातीवर हात ठेवला, भाषण ठोकलं. मग पुन्हा राजपुत्र. मग राजपुत्र आणि त्याचा घोडा. वाऱ्यावरच्या गावातसुद्धा त्यांनी हॉलमधून वर जाणारा जिना बांधला होता.

टीव्हीवाल्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. "यासाठी गल्लीपुढे हात पसरले मी? ताईला दाखवायचं ते हे?" तो उठला आणि प्लगकडे गेला.

"हात लावू नकोस!"

ताई सेटच्या बाजूच्या कपाटाकडे एकटक बघत होती. चेहरा मऊ झाला होता.

"ताई, आहे काय बघण्यासारखं? नुसता तो बोकड नाचतोय."

"कुठला बोकड?"

"राजपुत्र! मधोमध उभा आहे की!"

"मधोमध मला काय दिसणार, बाबा?" ताई हसली. "मी बायका बघतेय. खाली, कोपऱ्यात. एकीने आत्ता धागा जिभेला लावला."

त्याने पाहिलं. राजपुत्राच्या झग्याच्या मागे, जागा भरायला बसवलेल्या असाव्यात तशा, काही बायका होत्या. पुसट, अर्ध्या कापल्या गेलेल्या. कॅमेरा आपल्यासाठी नाही हे पुरतं ओळखून त्या मान खाली घालून काम करत होत्या. ओठ मिटलेले. तळहात मांडीवरून पुढे गेला, मागे आला. पीळ बसला.

"आता दुसऱ्या बाजूला आली एक. म्हातारी," ताई म्हणाली. "बरोबर, पुस्तकातलीच. तिला एका हाताला अंगठा नाही बघ."

"मला नाही दिसली हो, वन्सं," बायको म्हणाली.

"समोर बघू नकोस. कपाटाकडे बघ."

मग बायको कपाटाकडे बघायला लागली. टीव्हीवालाही प्लगपाशीच फरशीवर बसला आणि त्याने मान वळवली. राजपुत्र विरघळून रंगाचा एक डाग झाला. कडेकडेने दोर सरकत राहिले, घरं श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत राहिली.

खिडकीतून शिंपीणकाकूंची हाक आली. "लागलं का रे तुझं गाव? पोराचे केस काय सुंदर आहेत!"

टीव्हीवाला कपाटाकडेच बघत राहिला.

"बारक्या," ताई हळूच म्हणाली, "त्या पोराचा आवाज बंद कर. बायका काम करतायत."

त्याने आवाज बंद केला.