मी ‘ब्यारे’ म्हणाले

भाकरीत खडा लागला की माझं डोकंच फिरतं. दाताखाली कच्चकन आवाज आला की संपलं, पुढचा घास गोड लागत नाही. म्हणून वर्षाची ज्वारी घरात आली की ती मी दुसऱ्या कुणाच्या हवाली करत नाही. गच्चीवर पसरते, उन्हं दाखवते आणि सूप घेऊन बसते. पाखडलं की फोल आणि कोंडा वाऱ्यावर उडून जातो. सूप तिरकं धरून घोळलं की दाणे पुढं घरंगळतात, खडे मागं राहतात. काही खडे मात्र ज्वारीच्याच रंगाचे, ज्वारीएवढेच असतात. ते मेले कुठल्याच युक्तीला बधत नाहीत, डोळे फोडून एकेक वेचावे लागतात.

हे सगळं मी धाकट्या जावेला शिकवलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सूपही धरता येत नव्हतं. पाखडायला बसली की निम्मे दाणे जमिनीवर! ती अक्कलकोटच्या पलीकडची, माहेरी सगळं कन्नड. आमच्या सासरीही घरात कन्नडच. मी एकटी बार्शीकडची. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि बाकी सगळ्यांशी कन्नडमध्ये. इतकी वर्षं काढून मला आलं ते एवढंच: बा म्हणजे ये, नीर म्हणजे पाणी, जोळ म्हणजे ज्वारी. बाकीचं शिकायला हवं होतं, पण कुणी मुद्दाम शिकवलं नाही आणि माझं काही अडलं नाही.

जाऊ मात्र माझ्यासाठी मराठी शिकली. ‘अक्का, अक्का’ करत दिवसभर पाठीमागं. मला सख्खी बहीण नाही. ही आली आणि वाटलं, चला, उशिरा का होईना, मिळाली. भांडायचो की, लई भांडायचो. अबोला धरायचो. पण नळाला पाणी आलं की अबोला धरून चालतंय कुठं! पिंपात ती तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी मी अलगद ओतून घ्यायची. तिनं माझ्याजवळ राहावं, म्हातारपणी दोघींनी एकमेकींची उणीदुणी काढत बसावं, याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघी, आत्या, जाऊ आणि मी, गच्चीवर ज्वारी चाळत होतो. आमचे हे पत्र्याच्या सावलीत मोबाईल बघत बसले होते. आत्या आणि जाऊ हळू आवाजात कन्नडमध्ये बोलत होत्या. मध्येच ‘ब्यारे’ म्हणायच्या, थोडं थांबून पुन्हा ‘ब्यारे’.

“ब्यारे म्हंजे काय गं?” मी विचारलं.

जाऊ जराशी अडखळली. “ब्यारे म्हंजे वेगळं, अक्का.”

माझ्या हातात चाळण. जाड दाणा वर, बारीक आणि फुटका दाणा खाली. बारीक दाण्याला किडा लवकर लागतो, म्हणून तो वेगळा काढून आम्ही आधी दळून संपवतो. जाड दाणा पावसाळ्यासाठी ठेवतो. मला वाटलं, ह्यांचं त्याचंच चाललंय. आणि खरं सांगते, ह्या घरातलं एक बोलणं आपल्याला आपोआप कळलं म्हणून मला केवढा आनंद झाला!

“मग ब्यारेच करा की बाई!” मी ठसक्यात म्हणाले. “एकत्र ठेवलं की सगळंच किडतं.”

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग आत्या हसल्या, जाऊ हसली. ह्यांनी मोबाईलमधून मान वर काढली आणि तेही हसले. मग मीही हसले, येड्यासारखी.

थोड्याच दिवसांनी सकाळी दारात टेम्पो उभा. धाकटे भाऊजी जाड दाण्याचं पोतं चढवत होते. मी धावत गेले. “अहो भाऊजी, ते कुठं नेताय? ते आपलं पावसाळ्याचं हाय!”

जाऊ मागून म्हणाली, “अक्का, ते आमचं.”

आमचं! त्या घरात ‘आपलं’ सोडून दुसरा शब्द मी ऐकला नव्हता. भांड्यांपासून दुखण्यापर्यंत सगळं आपलं.

मग एकेक बाहेर आलं. होटगी रस्त्याला फ्लॅट घेतलाय. आत्याही तिकडंच राहणार. मी म्हणाले, “आणि मला कुणी सांगायचं?”

जाऊ म्हणाली, “तुमी व्हय म्हणाला की. गच्चीवर. ब्यारेच करा, एकत्र ठेवलं की सगळंच किडतं, तुमीच म्हणाला.”

“अगं भवाने, मी ज्वारीचं म्हणाले!”

तिनं खाली बघितलं. “आमी कुटं ज्वारीचं बोलत होतो, अक्का?”

मला कन्नड किती येतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी चुकले हे तिला त्याच घटकेला कळलं होतं. तिला कसं सांगावं याची धास्ती होती, माझ्या तोंडाची भीती होती, असं म्हणते ती. असेल. पण माझी चूक तिनं उचलून पदरात बांधून घेतली, ते मला विसरता येत नाही. मी तिच्यावर चिडले, टेम्पो गेल्यावर आत येऊन ढसाढसा रडले. तिच्यासाठीच रडले, ह्याचा आणखी राग आला.

मग ह्यांच्याकडं वळले. कन्नड तर ह्यांच्या आईची भाषा. “तुम्हाला तिथंच कळलं होतं ना, मी ज्वारीचं बोलतेय ते?”

“व्हय,” हे म्हणाले. “म्हटलं, तुझ्याच तोंडून आलंय तर बरंच झालं. मला सांगावं लागलं न्हाय.”

वास्तुशांतीला गेले. न जाऊन सांगते कुणाला! पंगत बसली. ह्यांची चुलती, कानानं कमी, आवाजानं जास्त, माझ्या शेजारीच बसली होती. भरल्या पंगतीत मला म्हणाली, “का गं, एवढं चांगलं घर होतं. तुला काय टोचत होतं, म्हणून ब्यारे करा म्हणालीस?”

सगळ्यांचे हात थांबले. म्हणजे पै-पाहुण्यांत हेच फिरलं होतं: थोरलीनं घर फोडलं. वाढत असलेली जाऊ आमटीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. आत्या पानाकडं बघायला लागल्या. मी समोरच्या ओळीत बसलेल्या ह्यांच्याकडं बघितलं. एक वाक्य पुरलं असतं, कन्नडमध्ये म्हणाले असते तरी चाललं असतं.

ह्यांनी वाटी पुढं केली आणि जावेला म्हणाले, “आमटी वाढ की जरा.”