टेप सोललेले खोके

माझ्या वडिलांची शेकोटी मी बंद केली. लेखी.

आज अण्णांना जाऊन एक वर्ष झालं.

ठाण्याच्या थंडीवर सगळेच विनोद करतात. मीही केलेत. डिसेंबर आला की पेपरात तसा एखादा हलकाफुलका मजकूर लागायचाच, आणि तो माझ्याकडेच यायचा.

पण घोडबंदर रोडला, डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला विचारा. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, तोंड उत्तरेला. हिवाळाभर घरात ऊन येत नाही. लाद्या इतक्या गार की अण्णा मोज्यांवर मोजे चढवून फिरायचे.

अण्णा खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. पहाटे हात शेकल्याशिवाय तिथे पाना धरवत नसे. रिटायर झाल्यावर कळव्याच्या चाळीतही तेच. नळाला पाणी येईपर्यंत चार म्हातारे शेकोटीभोवती बसायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे.

ती खोली विकून मी त्यांना टॉवरमध्ये आणलं. त्यांच्या भल्यासाठी.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी गेटवरचे वॉचमन तिवारी गाठले. सकाळी माकडटोपी, स्वेटर, चहाचा थर्मास घेऊन खाली. गेटच्या आत भिंतीलगत एक जुनं घमेलं होतं, त्यात जाळ.

सातला वर यायचे ते अंगाला धुराचा वास आणि चेहरा खुललेला. सोसायटीचा सेक्रेटरी मी. पण कुठल्या विंगची मोटर जळाली, कुठला भाडेकरू सोडून चाललाय, हे मला अण्णांकडून कळायचं.

जळण आमच्याच घरचं. ऑनलाइन सामानाचे खोके.

दुपारी खिडकीशी बसून ते प्रत्येक खोक्यावरची टेप नखाने सोलायचे. माझी बायको सुजाता एकदा म्हणाली, अण्णा, टेपसकट टाका की, कोण बघतंय. तर म्हणाले, डेपोत आम्ही टायर जाळायचो, तो धूर अजून माझ्या छातीत आहे. तिवारीच्या छातीत कशाला घालू?

मग एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला.

अण्णांच्या माकडटोपीभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं: हे अंकल कोण? रोज सिक्युरिटीसोबत शेकत बसलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला कसं दिसतं हे?

त्याला अकरा अंगठे.

मी टाइप केलं, 'ते माझे वडील आहेत.'

पुसलं.

'नोटेड. नोटीस काढतो,' असं टाकलं.

तीस वर्षं पेपरच्या डेस्कवर काढल्यावर नोटीस लिहायला दहा मिनिटं पुरतात. 'आवारात उघड्यावर आग पेटवणे व सुरक्षा केबिनजवळ अनावश्यक बसणे टाळावे.' खाली माझी सही. पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून लॅमिनेटही करून घेतली.

घरी काहीच बोललो नाही. खाली गेल्यावर कळेलच, म्हटलं.

कळलं. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत वर आले. थर्मास भरलेलाच.

"अनावश्यक बसणे म्हणजे मीच ना रे?"

मी म्हणालो, अण्णा, ते सगळ्यांसाठी आहे, नियम आहे.

"चांगलं लिहिलंयस. नाव कोणाचंच नाही, आणि लागतं बरोबर ज्याला लागायचं त्याला."

एवढंच. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

सुजाताने हीटर मागवला. चांगला, महागातला. रोज सकाळी त्यांना त्याच्यासमोर खुर्ची मांडून द्यायचो. ऊब लागते ना, विचारलं.

"लागते. पण ह्याच्यापुढे बसलं की पेशंट असल्यासारखं वाटतं."

महिन्याभरात ते गेले. झोपेत. नोटिशीने गेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं सोपं आणि खोटं आहे. ऐंशी वय, हार्ट आधीपासून अधू. पण शेवटचा महिना त्यांनी कसा काढला ते मी पाहिलंय. भिंतीकडे तोंड करून, हीटरसमोर, एकटे.

तेराव्यानंतर वॉशिंग मशीनच्या मागे एक गठ्ठा सापडला. खोके. घड्या घालून सुतळीने बांधलेले, टेप सोललेले.

सगळ्यात वर हीटरचा खोका होता.

म्हणजे नोटीस लागल्यावरही ते टेप सोलत होते. कशाच्या आशेवर, ते माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. नोटीस काढणारा माणूस त्याच घरात राहत होता. त्याने एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं.

काल ग्रुपवर मेसेज आला, क्लब हाऊससमोर फॅमिली बॉनफायर आहे, कूपन घ्या. आमंत्रणाच्या दोन ओळी मी लिहून द्याव्यात अशी विनंती. त्या फोटोला अंगठा देणारेच आहेत कमिटीत.

दिल्या नाहीत. त्यात शौर्य काही नाही. वर्षभर उशीर झालाय.

आज सकाळी तो गठ्ठा घेऊन खाली गेलो. तिवारी केबिनमध्ये शाल लपेटून बसलेले. घमेलं भिंतीशी पालथं पडलेलं. मी म्हटलं, जलाओ, अण्णा के नाम से.

ते उभे राहिले. गठ्ठ्यावरून हात फिरवला, सुतळी ओळखली. मग केबिनच्या काचेकडे बोट केलं.

"नोटिस लगा है साब. आपका साइन है."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं वाटलं असतं.

गठ्ठा वर आणला. मशीनच्या मागे ठेवला.

ग्रुपवर त्या दिवशी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आज इथे लिहून देतो. उद्या तिथेही टाकेन, काचेवरची नोटीस उतरवून.

माकडटोपीतले, सिक्युरिटीसोबत शेकत बसलेले ते अंकल माझे वडील होते.

येतो अण्णा, गठ्ठा घेऊन खाली.