शेजारच्या गाडीचा मूळ रंग

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या शेजारच्या डच आजोबांकडे एक जुनी अमेरिकन गाडी आहे. दांडगं इंजिन, दोनच दारं आणि कारखान्यातून निघाली तेव्हाचाच रंग. मूळ रंगातल्या अशा गाड्या आता फार थोड्या उरल्यात, म्हणून ती बघायला लांबून शौकीन येतात. रंग विटलाय म्हटलं, की आजोबा छाती फुगवून सांगतात, "ओरिजिनल!" सीटची चीर दाखवली तरी तेच. गाडीला हात लावायची मात्र कुणाची टाप नाही.

दसऱ्याला मी अंगणात आमच्या सायकलींची पूजा करत होतो. पुण्याहून आलेल्या आईला शेजारची गाडी बघवेना. "एवढी देखणी गाडी, आणि सणाला अशी कोरीच?" मी "आई, नको!" म्हणेपर्यंत तिने बॉनेटवर ओलं कुंकू लावून झेंडू ठेवलासुद्धा. आजोबा बाहेर आले, वाकून बघत राहिले. मग आईचं बघून त्यांनीही हात जोडले.

कुंकवाचा डाग राहिला तो राहिलाच. परवा आलेल्या शौकिनाने त्याकडे बघून नाक मुरडलं. "हा घासून निघेल ना?"

आजोबांनी छाती फुगवली.

"ओरिजिनल!"