इब्राच्या गल्लीत हे सापडले तेव्हा

मंडळी, आजचं आजच लिहिते.

मस्कतला मुलाकडे आलोय. आज सकाळी हे आणि मी टॅक्सीने दोन तासांवरच्या इब्रा गावी गेलो, तिथली जुनी वस्ती पायी पाहिली. मातीची रिकामी घरं, कोरीव दरवाजे. मग मी बायकांच्या बाजारात गेले. तिथे पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून ह्यांना बाहेर सावलीत बसवलं. "इथून हलायचं नाही," असं बजावलं. अलीकडे हे विसरतात, ते मला माहीत होतं.

बाहेर आले तर जागा रिकामी. ह्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये.

तशीच जुन्या वस्तीकडे धावले. सगळ्या गल्ल्या सारख्या, उन्हात चिटपाखरू नाही. माझ्याच हाकांची मला भीती वाटू लागली. शेवटी एका बंद दाराची कडी वाजवताना हे दिसले.

"अहो, काय करताय?"

"अगं, केव्हाचा उभा आहे. आई दार का उघडत नाही?"

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. एरवी मी खेकसले असते. आज नुसता हात धरला, तो टॅक्सीत बसेपर्यंत सोडला नाही.

उद्यापासून ह्यांच्या खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी राहील. ती कशासाठी, हे नवऱ्याला कसं सांगायचं? तुमच्यापैकी कोणी सांगितलं असेल, तर मला लिहा.