वावरातला थांबा

आमच्या गावाशेजारून जी रेल्वे जाते, ती माझ्या आज्याच्या वावरातून गेलेली आहे. निजामाच्या राज्यात लाईन पडली, तेव्हा जमीन घेतली आणि त्या बदल्यात गावाला थांबा दिला, असं माझा बाप सांगायचा. कागद कुणी पाहिला न्हाई. पण छोटी गाडी रोज थांबायची, मंग कागद कशाला पाहिजे? स्टेशन म्हणावं असं तिथं काही नव्हतं. मुरमाचा ओटा, एक लिंब आणि पिवळी पाटी. आमच्या गावाच्या नावाचं तिकीटसुद्धा नव्हतं. परतूरच्या खिडकीवर जालन्याचं तिकीट घ्यायचं आणि मधे आमच्याकडं उतरून जायचं, ही सगळ्या गावाची रीत होती.

मी लेक दिली तीसुद्धा ही लाईन पाहूनच. जाफराबादकडचं एक स्थळ आल्तं, चांगलं बागाईतदाराचं. बायको म्हणली, "आवो, पोरगी सुखात राहील."

मी म्हणलो, "तिकडं यष्टी अन् जीप. माहेरी यायचं म्हणलं की कुणाच्या तरी तोंडाकडं बघत बसंल. जिथं गाडी थांबती तिथंच देईन."

परतूरजवळ दिली. सकाळच्या गाडीनं यायची, आईच्या हातची भाकर खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. सासूला रागवायलासुद्धा सवड नसायची. ज्या दिवसांत येणं जमायचं न्हाई, तेव्हा मी हुरड्याचं गठुडं गार्डाच्या डब्यात द्यायचो आणि तिकडं जावई उतरवून घ्यायचा. गार्ड हसायचा. "मामा, रेल्वे तुमच्या घरची हाय का काय?"

"वावर कुणाचं हाय ते इचार," मी म्हणायचो.

मंग अरुंद रुळांची छोटी लाईन उखडून रुंद रुळांची मोठी टाकायचं निघालं. गाडी बंद झाली. आम्ही खुशच होतो. आता मनमाडला गाडी बदलायची कटकट न्हाई, मोठी गाडी येणार, असं जो तो बोलायचा. नव्या रुळांसाठी भराव उंच केला, त्यात आमचा ओटा गेला, पाटी गेली. मी मुकादमाला विचारलं, पाटी कधी लावता?

"मामा, पाटीचं काम आमच्याकडं न्हाई."

"मंग ज्याच्याकडं असंल तो लावील," मी म्हणलो. गावातले गडी जमवले, बैलगाड्यांनी मुरूम आणला आणि नव्या लाईनीला लागून आम्हीच ओटा घातला. पहिल्यापेक्षा उंच, चांगला चोपून.

याच दिवसांत लेकीला पहिल्या खेपेचे दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच. सातवा लागला तशी बायको मागं लागली, "जीप करा अन् घेऊन या."

"त्या खड्ड्यांतून जीप? गाडी सुरू होऊन राह्यली. लेक माझी मोठ्या गाडीतून येईल, गावासमोर उतरंल."

जावयाला निरोप धाडला. त्यानं रीतीप्रमाणं जालन्याचं तिकीट काढलं आणि तिला गाडीत बसवून दिलं. मधे उतरायचंच आहे, ओट्यावर सगळं गाव आहे, मंग त्यानं सोबत कशाला यायचं?

ओट्यावर खरोखर सगळं गाव होतं. माझ्या हातात नारळ, बायकोच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. इंजिनानं लांबूनच भोंगा दिला. आम्हाला वाटलं, आपल्यालाच रामराम घालून राह्यलं. गाडी आली आणि तशीच पुढं गेली. वाऱ्यानं माझी टोपी उडाली. डब्यामागं डबे गेले ते गेलेच. धूळ बसली तेव्हा शेवटचा डबा पार वळणावर गेल्ता.

बायको वरडली, "आवो, माझी लेक गेली की!"

मी फाट्यावर पळालो. जीप उभी होती, पण अर्धी रिकामी. ड्रायव्हर म्हणला, "काका, भरल्याबिगर न्हाई हलणार." मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. कापसाची गाठोडी चढली, दोन बाया आल्या, टपावर गडी बसले, तवा कुठं जीप हलली.

जालन्याच्या स्टेशनावर ती नळाजवळच्या बाकावर बसली होती. पाय सुजलेले. आधी मी मास्तरकडं गेलो. थांबा का काढला, विचारलं. मास्तर भला माणूस होता.

"बाबा, टाइमटेबल वरून येतं. मी फक्त झेंडी दाखवतो."

"वर म्हणजे कुठं?"

"हैदराबादला."

"त्याच्यावर?"

"दिल्ली."

"जमीन आमच्या आज्याची हाय," मी म्हणलो. त्यानं मान हलवली आणि मला पाणी दिलं.

लेकीपाशी आलो. ती म्हणली, "आबा, तुम्ही दिसले मला. नारळ होता हातात. मी लई वरडले. मी दिसले का तुम्हाला?"

"दिसली की. दारात उभी होती."

गठुडं उचलत ती म्हणली, "मी खिडकीत होते, आबा. चला, जीप भरंल."

बाळंतपण नीट झालं. थांबा काही परत आला न्हाई. अर्ज झाले, पुढारी येऊन गेले. दुसऱ्या खेपेला लेकीनं निरोप धाडला, सासरीच राहते. जाफराबादला दिली असती तर बरं झालं असतं, असं बायको एकदाच म्हणली. मला ते आजबी पटत न्हाई. लेक बराबर दिली होती. गाडी थांबायला पाहिजे होती.

ओट्यावर दरसाल मी दोन पाट्या मुरूम टाकतो. परतूरकडून गाडी यायच्या टायमाला जाऊन उभा राहतो. लेक त्यात नसते, मला ठाऊक आहे. तरी मी आता खिडक्या बघतो.